"काही झालं तर तेव्हा बघू" म्हणणाऱ्या बाबांना काय सांगायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला सांवेर रोडवर नमकीनचा कारखाना, शहरात दोन दुकानं, साठेक माणसं कामाला, धंदा वडिलांनी उभा केलेला आणि आता मुलगा बघतोय. एक पीआर, म्हणजे जनसंपर्काची, एजन्सी महिन्याच्या फीवर काम करायला तयार आहे. वडील म्हणतात आपलं आजवर कधी काही बिघडलं नाही, काही झालं तर तेव्हा बघू, तेव्हा लागतील ते पैसे देऊ. मुलगा विचारतोय, काकू, तुम्ही इतकी वर्षं हेच काम करताय, काही झालेलंच नसताना पीआरवर खर्च करायचा का?

काकू म्हणालास म्हणून अरे-तुरे करतेय. आधी माझं थोडं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी नऊ वर्षं इथल्याच एका हिंदी दैनिकात सिटी रिपोर्टर होते आणि गेली एकवीस वर्षं पीआर करतेय, म्हणजे संध्याकाळी सात वाजता दुकानदाराला "तुमच्याकडे सॅम्पल घेतलं म्हणे, काय सांगाल" असा फोन करणारीही मीच होते आणि तोच फोन आल्यावर घाबरलेल्या दुकानदाराशेजारी बसणारीही मीच आहे. दोन्ही बाजूंनी बघून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय, की पीआरचं खरं काम काही झालेलं नसतं तेव्हाच होतं. झाल्यावर आपण जे करतो ती आधी साठवलेल्या भरवशाची उचल असते, आणि साठवलंच नसेल तर उचलणार काय?

एक गोष्ट सांगते, बरीच वर्षं झाली तिला. धनत्रयोदशीला चार-पाच दिवस होते. एका जुन्या मिठाईवाल्यांचा फोन आला, त्यांचा-माझा तोवर काही संबंध नव्हता, कुणीतरी माझा नंबर दिला होता. दुपारी चारला खाद्य सुरक्षा विभागाची टीम येऊन माव्याचे आणि पेढ्यांचे नमुने घेऊन गेली होती, दुकानाबाहेर गर्दी जमली, कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं, त्यात पाटी अगदी स्पष्ट दिसत होती. मी आठच्या सुमारास पोचले तेव्हा ते मागच्या खोलीत तुपाच्या डब्यावर बसले होते आणि फोन समोरच्या ताटात पालथा ठेवला होता. अकरा मिस्ड कॉल, त्यातले तीन रिपोर्टरांचे. मी म्हटलं उचला, बोला. ते म्हणाले, आपण काही केलंच नाही तर बोलायचं कशाला? हे वाक्य मी त्यानंतर इतक्या जणांकडून ऐकलंय की आता फोनच्या पलीकडून ते यायच्या आधीच मला ऐकू येतं.

साडेनऊला मी पेपरच्या ओळखीच्या डेस्कवर फोन केला, तिथे पान जवळजवळ लागलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो, पाटी, वर मोठं शीर्षक आणि शेवटची ओळ "संचालकांशी संपर्क होऊ शकला नाही". ही ओळ वाचून गिऱ्हाईक काय समजतं तुला माहीत आहे, लपून बसले असणार. दिवाळीसाठी बांधून ठेवलेली खोकी तशीच राहिली. रिपोर्ट आला तो दिवाळीनंतर बऱ्याच दिवसांनी, मावा चांगला निघाला, पेढाही चांगला, फक्त पेढ्याच्या खोक्यावर बॅच नंबर नव्हता. त्यांनी तो रिपोर्ट लॅमिनेट करून गल्ल्यामागच्या भिंतीवर लावला. एकाही गिऱ्हाइकाला मी तो वाचताना बघितलं नाही.

आणि मला आजही त्रास होतो तो याचा, की त्यांच्याकडे सगळं होतं. दूध कुठल्या गावांतून येतं, कुठल्या दिवशी कुणाकडून किती घेतलं, सगळ्या पावत्या, मागच्या वर्षीचा लॅबचा रिपोर्ट, लायसन्स, सगळं कपाटात नीट दोऱ्याने बांधून ठेवलेलं. पण ते कपाटात होतं आणि शहरात कुणाला माहीत नव्हतं. त्या रात्री मी ते सगळं काढून रिपोर्टरांना पाठवलं असतं तरी त्यांनी ते वाचायचं कधी आणि का, त्यांच्यासाठी ते अनोळखी माणसाने घाईघाईत पाठवलेले कागद होते. हेच कागद सहा महिने आधी, शांतपणे, चहा पिताना दाखवलेले असते तर त्याच रिपोर्टरने बातमीत दोन ओळी वेगळ्या लिहिल्या असत्या. ती छापली तर गेलीच असती, ती थांबवणं कुणाच्या हातात नसतं आणि नसावंही, पण बातमीत दुकानदाराची बाजू आली असती.

तुझा धंदा खाण्याचा आहे म्हणून नमुन्याचं गणित जरा खोलात सांगते, कारण बाबांना वाटतं की रिपोर्ट आला की खरं-खोटं आपोआप होईल. कायद्याने नमुन्याचे चार भाग होतात, एक फूड ॲनालिस्टकडे, म्हणजे सरकारी तपासनीसाकडे जातो, दोन अधिकाऱ्याकडे राहतात आणि तू मागणी केलीस तर चौथा मान्यताप्राप्त लॅबला जातो. चौथ्या भागाचं बहुतेक दुकानदारांना माहीतच नसतं, आणि नमुना घेताना माणूस इतका गडबडलेला असतो की मागायचं सुचत नाही. ॲनालिस्टने १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा असं नियमात आहे, प्रत्यक्षात उशीर होतो, सणासुदीत तर होतोच. रिपोर्ट विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील करता येतं. आता बघ, नमुना घेतल्याची बातमी दुसऱ्या दिवशी आणि रिपोर्ट काही आठवड्यांनी, या मधल्या काळात गिऱ्हाईक काय धरून चालणार हे तुझ्या आधीच्या नावावर ठरतं. कागद तेव्हा कामाला येत नाही कारण कागद आलेलाच नसतो.

त्यातही रिपोर्ट फेल म्हणजे काय हे लोकांना माहीत नसतं. कायद्यात असुरक्षित वेगळं, सबस्टँडर्ड, म्हणजे ठरलेल्या दर्जाला न उतरणारं, वेगळं आणि मिसब्रँडेड, म्हणजे हिंदीत मिथ्याछाप म्हणतात ते वेगळं. असुरक्षितला जेलपर्यंत जाता येतं, सबस्टँडर्डला ५ लाखांपर्यंत दंड, मिसब्रँडेडला ३ लाखांपर्यंत आणि त्यात माल उत्तम असून नुसत्या लेबलातली चूकसुद्धा येते. पण बातमीत तिन्ही एकाच यादीत छापून येतात आणि वर लिहिलेलं असतं मिलावट. मी स्वतः रिपोर्टर असताना हा फरक न करता लिहिलंय, कुणी समजावलंच नव्हतं, आणि त्यात काही चांगल्या लोकांचं नुकसान झालं असणार याचं मला वाईट वाटतं. म्हणून आता मी क्लायंटच्या खर्चाने नव्हे तर स्वतःहून, दर वर्षी दिवाळीच्या दोन महिने आधी, नव्या रिपोर्टर मुलामुलींना बसवून हा फरक समजावून सांगते. हे पण पीआरच आहे, सगळ्यात उपयोगी पडलेला.

मोठ्या कंपन्यांचं बघायचं तर मॅगी. बाराबंकीतून नमुना घेतला गेला २०१४ च्या मार्चमध्ये. कोलकात्याच्या लॅबमधून शिसं १७.२ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १७.२ भाग, असल्याचा रिपोर्ट आला २०१५ च्या एप्रिलमध्ये, परवानगी होती २.५ ची, आणि मे महिन्यात ते देशभर पेटलं. म्हणजे पहिल्या नमुन्यापासून गदारोळापर्यंत वर्षाहून जास्त वेळ होता. ५ जून २०१५ ला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची बंदी आली, त्याच दिवशी कंपनीचे जगातले सगळ्यात वरचे अधिकारी दिल्लीत पत्रकारांसमोर बसले. ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने बंदी रद्द केली, नमुने ज्या लॅबमध्ये तपासले त्यांच्या मान्यतेवरच कोर्टाने बोट ठेवलं, नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा दुकानात आली. म्हणजे शेवटी कोर्टात कंपनीच्या बाजूने लागलं, पण तोवर हजारो टन माल नष्ट करून झाला होता. आमच्या घरासमोरच्या किराणावाल्याने तेव्हा मॅगीचं आख्खं शेल्फ रिकामं करून त्यावर साबण ठेवले होते, ते मला अजून आठवतं. त्या वर्षभरात एवढ्या मोठ्या कंपनीला शिसं म्हणजे काय, ते मातीतून-पाण्यातून-मसाल्यातून किती येतं, आम्ही कुठल्या टप्प्यावर तपासतो हे साध्या भाषेत लोकांना सांगता आलं असतं. पाकिटावर "नो ॲडेड एमएसजी", म्हणजे वरून अजिनोमोटो घातलेलं नाही, असं लिहायचं का यावर आधीच विचार करता आला असता, कारण मूळ चौकशी तिथूनच सुरू झाली होती. कंपनी काहीच करत नव्हती असं मी म्हणत नाही, लोकांपर्यंत काही पोचलं नव्हतं एवढं मात्र दिसलं.

उलट कॅडबरी. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, महाराष्ट्रात डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. सुरुवातीला कंपनीने दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं, ते लोकांना पटलं नाही. मग त्यांनी प्रोजेक्ट विश्वास काढला, दुकानदारांना माल कसा ठेवायचा ते शिकवलं, २००४ च्या जानेवारीत नवं जास्त घट्ट पॅकिंग आणलं आणि अमिताभ बच्चनना घेऊन जाहिरात केली. पीआर शिकवणारे लोक हे उत्तम उदाहरण म्हणून सांगतात आणि आहेच ते उत्तम. पण बाबांना हे सांग की रिॲक्टिव्ह, म्हणजे काही झाल्यावर केलेला, पीआर इतका छान जमायला कॅडबरीएवढा खिसा लागतो आणि बच्चनसाहेब लागतात. आणि ते पॅकिंग अळ्या सापडायच्या आधी बदललं असतं तर मला वाटतं फार तर व्यापाराच्या पानावर चार ओळी आल्या असत्या.

आता आपल्याच शहरातलं, लहान धंद्याचं उदाहरण. नाव घेत नाही कारण त्यांनी कधी मिरवलं नाही. एक डेअरीवाले आहेत, आपल्याच मराठी वस्तीच्या बाजूला दुकान. मी त्यांना एकच गोष्ट सुचवली होती, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दुकानाबाहेर एक टेबल टाकायचं. टेबलावर लॅक्टोमीटर, काचेचं उंच भांडं, आयोडीनची बाटली, दोन-तीन परीक्षानळ्या, आणि पाटी, कुठूनही घेतलेलं दूध आणा, तपासून देतो. कुठूनही घेतलेलं, हे महत्त्वाचं. पहिल्या रविवारी चार जण आले, त्यातले दोन शेजारचे. एक आजी स्टीलच्या बरणीत दूध घेऊन आल्या, मालकांच्या मुलीने त्यात आयोडीनचे थेंब टाकले, रंग निळा झाला नाही, म्हणजे स्टार्च नाही, आजींना ते तीनदा समजावलं, आणि आजी म्हणाल्या हे दूध तुमच्याकडचं नाहीच मुळी. मुलगी म्हणाली असू दे ना आजी, चांगलं आहे. तिथे उभ्या असलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर मी जे बघितलं ते कुठल्या होर्डिंगने होत नाही.

तीन-एक वर्षं ते टेबल लागत राहिलं. मग एकदा व्हॉट्सॲपवर फिरलं की शहरातल्या अमुक भागातल्या डेअऱ्यांमध्ये युरिया मिसळतात, सोबत कुठला तरी परराज्यातला व्हिडिओ जोडलेला. मालकांचा मला रात्री फोन आला, काय लिहू? मी म्हटलं थांबा, आधी आपल्या कॉलनीच्या ग्रुपमध्ये बघू. तिथे आम्ही काही लिहायच्या आधी एका शिक्षिकाबाईंनी लिहिलं होतं, "हे लोक दर महिन्याला सगळ्यांसमोर तपासतात, मी स्वतः बघितलंय, उगाच फॉरवर्ड करू नका." खाली आणखी पाच-सहा जणांनी तेच लिहिलं. आम्हाला चार ओळींचं निवेदन तेवढं काढावं लागलं, तेही शांतपणे सकाळी. मिठाईवाल्यांची ती रात्र आणि डेअरीवाल्यांची ही रात्र, मला प्रोॲक्टिव्ह, म्हणजे आधीपासून केलेला, पीआर काय असतो विचारलं की मी या दोन रात्री सांगते.

हे काही परदेशातून आलेलं खूळ नाहीये बरं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, तो घालवायलाच त्यांची सुरुवातीची उमेद खर्ची पडली. आणि १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून "किर्लोस्कर खबर" सुरू झालं, कारखान्याचं स्वतःचं पत्र, त्याचंच पुढे मराठी घराघरांत वाचलं जाणारं मासिक झालं. कुणी आरोप केला म्हणून ते निघालं नव्हतं, आपण काय करतो, कसं करतो, आपली माणसं कोण हे सांगावंसं वाटलं म्हणून निघालं. पीआर हा शब्द तेव्हा इथे कुणाच्या तोंडीही नव्हता. आणि रोजचं उदाहरण हवं तर आपली कचरागाडी घे. आपलं शहर २०१७ मध्ये स्वच्छतेत पहिलं आलं, त्यानंतर येत राहिलं, पण गाडीचं गाणं नंबर आल्यावर बंद झालं नाही, रोज सकाळी वाजतंच, म्हणून पाच वर्षांच्या पोराला पण ओला कचरा-सुका कचरा कळतो. कचरा साठल्यावरच गाडी गात आली असती तर लोकांनी खिडक्या लावून घेतल्या असत्या.

बरं, तुझ्या कारखान्यात काय करायचं. पहिला महिना बाहेर कुणाशी काही बोलू नकोस. आधी बाबा, तू, भट्टीवरचा जुना कारागीर, पॅकिंगमधली एखादी ताई आणि दुकानाच्या काउंटरवरचा मुलगा असे पाच जण बसा आणि आपल्याबद्दल उद्या काय वाईट छापून येऊ शकतं याची यादी करा, खरीखुरी, बाबांना न रुचणारी. नमकीनमध्ये ती यादी तेलापासून सुरू होते. तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात वाढत जाणारे खराब घटक, टोटल पोलर कंपाउंड म्हणतात ते, तळणीच्या तेलात २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे, आणि दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल लागतं त्यांनी वापराचं रजिस्टर ठेवायचं हे २०१९ पासून. तुमचं तर त्याहून कितीतरी जास्त लागत असणार. रजिस्टर आहे का? तेल मोजायचं हातातलं मशीन आहे का, आणि असेल तर ते चालू आहे की ऑफिसच्या कपाटात खोक्यात आहे? उरलेलं तेल कुणाला देता? एफएसएसएआयची रुको नावाची योजना आहे, त्यात जळकं तेल बायोडिझेलसाठी जातं. तुमचं जात असेल तर ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, आणि जात नसेल आणि एखाद्या गाडीवाल्याला स्वस्तात विकलं जात असेल तर तीच उद्याची बातमी आहे. ती आज बंद करायची, आणि ती बंद करणं हाच या पहिल्या महिन्यातला पीआर.

असंच बाकीचं. सुट्या मिठाईच्या ट्रेवर कधीपर्यंत खायची ती तारीख लिहायचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहे, तुमच्या दुकानात मिठाईही असते, ट्रेवर चिठ्ठी असते का, आणि रोज बदलते का? सहा महिन्यांतून एकदा माल लॅबमधून तपासून घ्यायचा असतो, तो रिपोर्ट फाईलला लावून विसरता की दुकानात दिसेल असा लावता? यादीतल्या ज्या गोष्टी चुकीच्या आहेत त्या आधी दुरुस्त करायच्या. ज्याला घर न आवरता पाहुणे बोलवायचेत त्याचं काम मी घेत नाही, सरळ सांगते. भोपाळमध्ये पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून युनियन कार्बाइडच्या कारखान्याच्या धोक्याबद्दल लिहीत होते, कुणी कान दिला नाही, आणि १९८४ च्या डिसेंबरच्या त्या रात्री वायुगळतीने काय झालं ते आपण मध्य प्रदेशातली माणसं विसरू शकत नाही. एवढं मोठं उदाहरण नमकीनला कशाला असं वाटेल तुला, पण मला त्यातून एकच दिसतं, बाहेरून टोचणारा माणूस बहुतेकदा फुकट इशारा देत असतो. तुझ्या काउंटरवर तक्रार करणारं गिऱ्हाईकही तेच करत असतं. एक साधी दोनशे पानी वही ठेव, तारीख, माल, तक्रार, काय केलं, आणि दर सोमवारी तू स्वतः वाच. सेव खवट लागतेय अशी एका आठवड्यात तीन वेळा नोंद आली तर तुला पेपरच्या महिनाभर आधी कळलेलं असेल.

कामगारांचं नीट ऐक, हे लोक नेहमी शेवटी आठवतात. माझ्या अनुभवात कारखान्याच्या आतले व्हिडिओ बाहेर येतात ते बहुतेक आतल्याच माणसाने काढलेले असतात, कुणाचा पगार अडलेला, कुणाला सगळ्यांसमोर ओरडलेलं. तुझी साठ माणसं घरी जाऊन आपण कुठे काम करतो ते सांगताना मान वर करून सांगतात का, हे आधी बघ. दिवाळीला त्यांच्या घरच्यांना कारखाना दाखव, पोरांना सेव पडताना बघू दे. यात खर्च फारसा नाही आणि साठ घरं म्हणजे किती नातेवाईक, किती ग्रुप, तूच मोज.

मग बाहेर. रिपोर्टरांशी ओळख म्हणजे दिवाळीला खोका पाठवणं नव्हे, तो सगळेच पाठवतात आणि डेस्कवर कुणाचा कुणाचा ते कळतही नाही. रिपोर्टरला खरं काय लागतं ते मी आत राहून बघितलंय, त्याला लागतो एक माणूस जो फोन उचलतो, खरा आकडा देतो आणि माहीत नसेल तर "अर्ध्या तासात सांगतो" म्हणून खरंच अर्ध्या तासात सांगतो. बेसनाचे भाव वाढले, तेल महागलं, जीएसटीत बदल झाला, अशा वेळी तू स्वतः फोन करून दोन वाक्यं दे, त्यात तुझ्या ब्रँडचं नाव आलं नाही तरी चालेल. दोन-चार वेळा असं केलंस की नमकीनबद्दल काही असलं की तुलाच विचारतील, आणि ज्या दिवशी तुझ्याबद्दल काही असेल त्या दिवशी पण आधी तुलाच विचारतील. आपल्याकडे सांध्य दैनिकंही आहेत हे विसरू नकोस, त्यांची पानं दुपारीच लागतात, सकाळी अकराला काही झालं तर संध्याकाळपर्यंत थांबायला वेळ नसतो. आणि जाहिरात देतो म्हणून बातमी थांबवा असं कधी कुणाला म्हणू नकोस, बाबांनाही म्हणू देऊ नकोस, एकदा म्हटलेलं रिपोर्टर दहा वर्षं लक्षात ठेवतो.

बोलायचं कुणी? माझं म्हणणं बाबांनीच. तू म्हणालास त्यांना इंग्रजी येत नाही, स्टेजवर घाबरतात. पण बेसन हातात घेऊन ते जुनं की ताजं सांगणारा माणूस बोलला की लोक ऐकतात, माळवी ढंगाच्या हिंदीत बोलू देत, तीच त्यांची खरी ताकद आहे. तू त्यांच्यासोबत महिन्यातून एकदा बसून अवघड प्रश्न विचार, रिपोर्टर होऊन, टोचून विचार. पहिल्यांदा चिडतील, तिसऱ्यांदा स्वतःच तयारी करून येतील. आणि चार ओळींचा एक कागद कायम तयार ठेव, असं असं झाल्याचं कळलं, आम्ही तपासतोय, तोवर तो माल दुकानातून काढलाय, संध्याकाळी अमुक वाजता पुन्हा सांगू, या नंबरवर बोला. त्यात रिकाम्या जागा ठेवायच्या आणि त्या दिवशी भरायच्या, कारण त्या दिवशी हात थरथरत असताना नवीन वाक्य सुचत नाही, मी भल्याभल्यांना बघितलंय.

फूड व्लॉगरांचं विचारलं होतंस. इंदूरात सराफा आणि छप्पन या खाऊगल्ल्यांत रोज रात्री कुणी ना कुणी कॅमेरा घेऊन उभाच असतो. पैसे देऊन करून घेणार असशील तर ती जाहिरात आहे असं त्या व्हिडिओत लिहिलेलं पाहिजे, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलच्या गाइडलाइन २०२१ पासून आहेत. लपवून केलेलं उघडं पडलं तर त्या व्लॉगरपेक्षा तुझं जास्त जाईल. मला विचारशील तर त्यांना कारखान्यात बोलव, पैसे देऊ नकोस, जे दिसेल ते दाखव म्हण. काही येणार नाहीत, चालेल. गूगलच्या रिव्ह्यूंना उत्तरं मात्र स्वतः लिही, वाईटांना पण आणि चांगल्यांना पण, एकच कॉपी-पेस्ट वाक्य सगळ्यांना नको.

एजन्सी घ्यायची का? एवढं सगळं तुम्ही घरचे करू शकता, पण धंद्याच्या धबडग्यात ते महिन्याभराने मागे पडतं म्हणून बाहेरचा माणूस लागतो, मुख्य कारण हेच. त्यांना विचार की पहिल्या महिन्यात काय करणार. उत्तर प्रेस रिलीज असं आलं तर नमस्कार कर. कारखाना बघायचाय, काउंटरवर दोन दिवस उभं राहायचंय म्हणाले तर पुढे बोल. महिन्याच्या शेवटी ते तुला कात्रणं दाखवतील आणि म्हणतील एवढ्या जागेच्या जाहिरातीला इतके लाख पडले असते, म्हणजे तुमचे इतके लाख वाचले. तो हिशोब मानू नकोस, पीआरचं मोजमाप करणाऱ्यांच्याच जागतिक संस्थेने २०१० मध्ये बार्सिलोनात ठरवून टाकलंय की हे पीआरचं मोजमाप नव्हे. तू हे मोज, तक्रारीच्या वहीतल्या नोंदी कमी होतायत का, रिपोर्टर स्वतःहून किती वेळा फोन करतो, नवा डीलर येताना तुमच्याबद्दल काय ऐकून आलाय. वर्षभर धीर धर, सहा महिन्यांत काही दिसत नाही म्हणून बंद करणारे खूप बघितले. एक वर्षाचा करार करा आणि फी परवडत नसेल तर कमी कामं द्या, पण मध्ये खंड नको.

बाबांशी वाद घालू नकोस. त्यांना एवढंच विचार की पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पहिलं दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाईक उभं राहावं म्हणून त्यांनी काय केलं होतं. मला खात्री आहे ते सांगतील की भट्टी दुकानाच्या पुढे, रस्त्यावर दिसेल अशी ठेवली होती, येणाऱ्याच्या हातावर गरम सेव ठेवायचो, तेल कुठलं ते डब्यासकट दाखवायचो. कारखाना सांवेर रोडला गेला आणि भट्टी लोकांना दिसेनाशी झाली, ती पुन्हा दिसेल असं काहीतरी करायचंय, असं म्हटलंस तर त्यांना पटेल.

पुढच्या रविवारी सकाळी मी मोकळी आहे, दहाच्या आसपास कारखान्यावर येते. फी वगैरे काही नाही, नुसती बघायला येतेय. भट्टी चालू असू दे, तेलाचं रजिस्टर आणि मागचे दोन लॅब रिपोर्ट काढून ठेव, आणि काउंटरवरच्या त्या मुलाला पण बोलावून ठेव, मला आधी त्याच्याशी बोलायचंय.